तीन लाल दिवे आणि एक तरतूद

वस्तूची किंमत ग्राहक एकदाच मोजतो. उत्पादकाची जबाबदारी मात्र विक्रीनंतरही काही काळ चालूच राहते. हिशेबात ती ‘हमीसाठीची तरतूद’ म्हणून नोंदवली जाते. वार्षिक अहवाल चाळणारे बहुतेक वाचक या ओळीवर थांबत नाहीत. मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीला मात्र २००७ साली याच ओळीत शंभर कोटी डॉलरहून मोठा आकडा लिहावा लागला. त्याला कारण ठरले मुलांच्या आवडीचे एक यंत्र, एक्सबॉक्स ३६०.

हा गेमिंग कन्सोल २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. प्रतिस्पर्धी सोनीचा प्लेस्टेशन ३ बाजारात येण्यास अजून वर्षभराचा अवधी होता. मागणी प्रचंड होती. परंतु काही महिन्यांतच तक्रारी वाढू लागल्या. यंत्राच्या बटणाभोवतीच्या कड्याचे चार भाग एरवी हिरवे उजळत. त्यांपैकी तीन लाल लुकलुकू लागले की यंत्र बंद पडे. खेळणाऱ्यांनी त्याला ‘मृत्यूचे लाल कडे’ असे नाव दिले. काहींनी तर यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवण्याचा उपाय केला. त्याने यंत्र कधी कधी थोडा वेळ सुरू होई, पण मूळ दोष तसाच राही.

तो दोष उष्णतेशी निगडित होता. मुख्य प्रक्रियक आणि चित्रे घडवणारी चिप, दोन्ही भरपूर तापत. त्यातच चित्रचिपेच्या वर डीव्हीडी ड्राइव्ह असल्याने तिच्यावरील उष्णता वाहून नेणारा धातूचा तुकडा बुटका ठेवावा लागला होता. यंत्र सुरू केले की भाग तापून प्रसरण पावत आणि बंद केले की निवून आकुंचन पावत. प्रत्येक पदार्थाचे प्रसरण वेगळे असल्याने त्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म सांध्यांवर दर वेळी ताण येई. रोजच्या अशा चढउतारांनी ते सांधे अखेर तुटत. कंपनीच्या अभियंत्यांनी २०२१ च्या माहितीपटात घटकांच्या आतील जोडण्या तुटणे हेच कारण सांगितले.

आरंभी अमेरिकेत या यंत्राची हमी केवळ ९० दिवसांची होती. डिसेंबर २००६ मध्ये ती एक वर्षाची झाली. पुढे ५ जुलै २००७ रोजी कंपनीने तीन लाल दिव्यांच्या दोषापुरती ती खरेदीपासून तीन वर्षांची केली आणि ज्यांनी या दुरुस्तीसाठी आधीच पैसे भरले होते त्यांना ते परत देण्याचे मान्य केले. त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरचा भार, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेचार हजार कोटी रुपये, ३० जूनला संपलेल्या तिमाहीच्या हिशेबात धरण्यात आला. या विभागाचे तत्कालीन प्रमुख अधिकारी पीटर मूर यांनी पुढे सांगितल्यानुसार त्यांपैकी सुमारे २४ कोटी डॉलर केवळ यंत्रांच्या ने-आणीचे होते. खर्च केला नाही तर ब्रँडच संपेल, ही भूमिका त्यांनी मांडली आणि मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर यांनी मंजुरी दिली.

पैसा खर्चाच्या दिवशी नव्हे, तर जबाबदारी निश्चित झाली त्या काळात हिशेबी धरावा, हे तत्त्व आपल्याकडील लेखा मानक २९ मध्येही आहे. नफा घटलेला दिसतो, पण भागधारकाला सत्य कळते.

तरतुदीने जुन्या चुकीची भरपाई होते. नवी यंत्रे टिकाऊ करण्याचे काम कारखान्यातच व्हावे लागते. ते टप्प्याटप्प्याने झाले. २००७ च्या अखेरीस ‘फाल्कन’ आवृत्तीत प्रक्रियक ९० ऐवजी ६५ नॅनोमीटर तंत्राने बनू लागला; २००८ च्या अखेरीस ‘जॅस्पर’मध्ये चित्रचिपही तशीच झाली. २०१० च्या नव्या आकाराच्या यंत्रात दोन्ही एकाच चिपेत आले. पहिल्या यंत्राचा वीजपुरवठा संच २०३ वॅटचा होता. तो पुढे १७५, १५० आणि १३५ वॅटपर्यंत उतरला. वीज कमी, म्हणून उष्णता कमी आणि सांध्यांवरचा ताणही कमी. बाहेरून यंत्र बराच काळ सारखेच दिसत होते. एकूण विक्री आठ कोटींच्या पुढे गेली, हे गमावू पाहणारी पत सावरल्याचेच द्योतक होय.

कोणतेही विद्युत यंत्र घेताना पहिल्याच खेपेची घाई टाळणे, जुने घ्यायचे असल्यास त्याची आवृत्ती तपासणे आणि घरात त्याभोवती हवा खेळती ठेवणे हितावह आहे. समभाग घेणाऱ्यांनी वार्षिक अहवालातील हमीची तरतूद मागील दोन-तीन वर्षांच्या आकड्यांशी अवश्य ताडून पाहावी. विक्री वाढत असताना ती तरतूद अकारण आक्रसत असेल, तर व्यवस्थापनाला त्याचे कारण विचारण्याचा अधिकार भागधारकाला आहे.