जुन्या हँडसेटचा नवा हिशेब

स्मार्टफोन दरवर्षी स्वस्त होत जाणार, या गृहीतावर गेली दहा-पंधरा वर्षे बेताच्या उत्पन्नाचा ग्राहक आपली खरेदी पुढे ढकलत आला. २०२५ च्या अखेरीस हे गृहीत मोडीत निघाले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी एवढी वाढवली, की उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि मोबाइलमध्ये लागणाऱ्या मेमरीचे दर चढले. महागड्या फोनच्या किमतीत ही वाढ पचून जाते. आठ-दहा हजारांच्या फोनमध्ये नफ्याची जागाच चिंचोळी असल्याने ती ग्राहकाच्या माथी येते. त्यावर १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झालेला वस्तू व सेवा कर आहेच. अशा वेळी वापरलेला, जुना, साधा स्मार्टफोन घ्यावा का, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहणे स्वाभाविक आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत या प्रश्नाला विशेष धार आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला आणि २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. उपग्रहाची छायाचित्रे, शेतातील हवामान केंद्र आणि जमिनीतील संवेदक यांची माहिती एकत्र करून पाणी किती द्यावे, खत कुठे द्यावे, याचा सल्ला शेतकऱ्याला त्याच्या भाषेत मोबाइलवर मिळतो. या साखळीचा शेवटचा दुवा शेतकऱ्याच्या खिशातला हँडसेट आहे. तो अडखळला, तर आकाशातल्या उपग्रहाचा उपयोग नाही. ज्या तंत्रज्ञानामुळे उसाचे पाणी मोजले जात आहे, त्याच तंत्रज्ञानाच्या भुकेने हा शेवटचा दुवा महाग केला आहे, ही यातली विसंगती.

हौस नव्हे, गरज

उसाचा सल्ला ऐच्छिक आहे. सरकारी कामे तशी नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि ते ॲपवर चढवायचे, तेव्हा सातबारावर पीक लागते. मे २०२५ च्या अखेरीस अवेळी झालेल्या अतिवृष्टीने बारामती तालुक्यात पिंपळी परिसरात नीरा डावा कालवा फुटला आणि दोन्ही तालुक्यांत पाणी घरादारांत आणि शेतांत शिरले. अशा आपत्तीनंतर भरपाईसाठी, पीकविम्यासाठी किंवा पीककर्जासाठी कागदावर पीक असणे किती महत्त्वाचे असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी जून २०२३ मध्ये चेहरा ओळखणारे ॲप आले. लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थी महिलांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये संकेतस्थळावर ई-केवायसी सुरू झाली.

स्मार्टफोन ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. सातबारा आणि बँकेचे पासबुक यांच्या शेजारी ठेवण्याची ती वस्तू झाली आहे. म्हणूनच 'स्वस्तात मिळतो' एवढ्यावर तो घेण्यात धोका आहे आणि 'नवा परवडत नाही' म्हणून न घेण्यातही.

फोन म्हातारा कसा होतो?

२००३ मध्ये आलेला नोकिया ११०० अनेकांच्या स्मरणात असेल. टॉर्च आणि धूळ न शिरणारा कीपॅड असलेला तो फोन दहा वर्षांनी जुना दिसला, तरी निकामी झाला नाही. टूजी सिग्नल असेपर्यंत त्याचे काम चालूच राहिले. स्मार्टफोनचे तसे नाही. तो तीन वेगवेगळ्या मार्गांनी म्हातारा होतो आणि ग्राहक बहुधा त्यातील एकच, म्हणजे बाहेरून दिसणारा, तपासतो.

पहिला मार्ग नेटवर्कचा. थ्रीजी सेवा खासगी कंपन्यांनी गुंडाळत आणली आहे. २०१६ मध्ये आलेल्या जिओचे जाळे तर पहिल्या दिवसापासून फोरजीचेच आहे. त्यामुळे ज्या जुन्या फोनमध्ये फोरजी आहे पण व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय नाही, त्यात जिओच्या कार्डावरून साधा फोनही लागत नाही. फाइव्हजी नसणे मात्र दोष मानण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्हजी सुरू झाले असले, तरी पीक पाहणी, पैसे पाठवणे, व्हिडिओ कॉल यांना फोरजी पुरते.

दुसरा मार्ग प्रणालीचा, आणि खरी फसगत इथेच होते. हँडसेट धडधाकट असतो, काच शाबूत असते. पण आतली अँड्रॉइड प्रणाली मागे पडलेली असते. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ पूर्वीच्या फोनची साथ सोडली. ऑगस्ट २०२५ पासून क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्यांना किमान अँड्रॉइड १० लागते. त्याआधीच्या फोनवर जुना ब्राउझर चालत राहतो, पण सुरक्षेची नवी डागडुजी त्याला मिळत नाही. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार करायचे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नव्हे. घराचे कुलूप दिसते तसेच आहे, मात्र त्याची किल्ली बाजारात विकत मिळू लागली आहे, अशी ही अवस्था असते. जिओफोनसारख्या काईओएसवरील फोनमधून व्हॉट्सॲपने अंग काढून घेतले, तेव्हा २०१७ नंतर ते फोन घेतलेल्या असंख्य कुटुंबांना हाच अनुभव आला. फोन बिघडला नव्हता. त्याचे काम काढून घेतले गेले होते.

तिसरा मार्ग शरीराचा: बॅटरी, चार्जिंगचा सॉकेट आणि साठवण. बॅटरी बदलता येते. साठवण बदलता येत नाही. १६ जीबीचा फोन प्रणाली, दोन-तीन ॲप आणि व्हॉट्सॲपवरच्या शुभेच्छांच्या चित्रांनीच भरून जातो आणि नेमक्या पीक पाहणीच्या दिवशी छायाचित्र साठवायला जागा उरत नाही.

'जुना' आणि 'साधा' यांतला फरक

बाजारात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण निर्णयाच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. साधा म्हणजे जन्मतःच कमी क्षमतेचा. जुना म्हणजे वापरलेला. तीन वर्षांपूर्वीचा मध्यम किमतीचा फोन हा आजच्या सर्वांत स्वस्त नव्या फोनपेक्षा सरस असू शकतो. जो जन्मतः साधा होता आणि आता जुनाही झाला आहे, त्याची किंमत मात्र कितीही कमी असली तरी ती महागच.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. समजा, सात-आठ वर्षांचा साधा फोन ४,००० रुपयांना मिळाला, त्याला ८०० रुपयांची बॅटरी टाकली आणि तो दीड वर्ष चालला. महिन्याचा खर्च पडला सुमारे २६७ रुपये. ९,००० रुपयांचा नवा फोन चार वर्षे चालला, तर तो पडतो सुमारे १८८ रुपये. मध्यम दर्जाचा तीन वर्षांचा वापरलेला फोन ६,००० रुपयांना घेतला आणि अडीच वर्षे चालला, तर २०० रुपये. म्हणजे सर्वांत कमी रोख मागणारा फोन प्रत्यक्षात सर्वांत महाग ठरतो. अर्थात हा हिशेब ज्याच्या हाती ९,००० रुपये आहेत त्याच्यासाठी आहे. उसाचे बिल हप्त्यांनी येते आणि दुधाचे दहा दिवसांनी. हातात चारच हजार असलेल्या माणसाला महिन्याचा हिशेब सांगणे सोपे असते, पाळणे कठीण. त्याच्यासाठी तिसरा पर्याय हाच खरा पर्याय आहे.

तो निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या सदरात अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अद्ययावत केल्याची शेवटची तारीख असते. आज दहावी आवृत्ती काठावर आहे. बारावी किंवा त्यापुढची असेल तर थोडी उसंत मिळते. रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी यांच्या खाली उतरू नये. आपले कार्ड टाकून फोन लावून पाहावा, उघड्यावर जाऊन नकाशात आपली जागा नेमकी दिसते का ते पाहावे. पीक पाहणीत तेच लागते. आधीच्या मालकाचे गुगल खाते फोनमधून काढलेले आहे, याची त्याच्यासमोरच खात्री करून घ्यावी. नाहीतर फोन पुसून नव्याने सुरू करताना तो कुलूपबंद होतो.

शेवटची, पण सर्वांत गंभीर बाब मालकीची. *#०६# दाबले की फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम ही रोमन अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला किंवा दूरसंचार विभागाच्या, मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तपासला, तर तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. चोरीची तक्रार झालेला फोन देशभर बंद करता येतो आणि तो भोळेपणाने घेणाऱ्याचे पैसे बुडतात. आयएमईआयमध्ये फेरफार करणे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कारावासाला पात्र गुन्हा आहे. बिलाशिवाय मिळणारी सवलत ही सवलत नव्हे.

घ्यायलाच हवा का?

काहींसाठी उत्तर 'नाही' असेही असू शकते. विहिरीवरची मोटार लांबून चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर साध्या बटणाच्या फोनवरूनही चालतो. अनेक कारखान्यांकडून उसाच्या वजनाचा तपशील एसएमएसने येतो. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या यूपीआय १२३पे या सेवेने बटणाच्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. त्याची व्यवहारमर्यादा पुढे ५,००० वरून १०,००० रुपये करण्यात आली. दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे स्वतंत्र पॅक आणावे लागले. ज्येष्ठ माणसाकडे बटणाचा फोन आणि घरात एक बरा स्मार्टफोन, ही विभागणी दोन रडतखडत चालणाऱ्या स्मार्टफोनपेक्षा शहाणपणाची आहे. पीक पाहणीत एका मोबाइलवरून एकाहून अधिक खातेदारांची नोंद करता येते, हेही ध्यानात घ्यावे.

मात्र हा 'घरातला एक फोन' कोणाच्या हातात असतो, हा प्रश्न टाळता येणार नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पासवर्ड आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येतो. तो क्रमांक नवऱ्याचा असेल आणि नवरा एमआयडीसीत पाळीवर असेल, तर दीड हजार रुपये बाईच्या नावाचे असूनही त्यांची किल्ली तिच्याकडे नसते. इथे हँडसेटपेक्षा स्वतःच्या नावाचे सिमकार्ड महत्त्वाचे. तीस-चाळीस हजारांचा एक फोन घरात येण्यापेक्षा दोन मध्यम जुने फोन येणे आणि त्यातला एक तिच्या नावे असणे, हे अनेक कुटुंबांसाठी अधिक न्याय्य ठरेल.

जबाबदारी केवळ ग्राहकाची नाही

नागरिकाला एखादे काम ॲपवर करायला लावणाऱ्या शासनाने ते ॲप कोणत्या किमान प्रणालीवर आणि किती काळ चालेल, हे जाहीर करायला हवे. आज हे फक्त ॲप उतरवताना, म्हणजे फोन विकत घेतल्यानंतर कळते. ज्यांच्याकडे चालणारा फोन नाही, त्यांच्यासाठी पीक पाहणीत गावपातळीवर सहायकाची व्यवस्था आहे; ती केवळ उरलेली कामे उरकण्यासाठी न राहता हक्काची वाट बनली पाहिजे.

दुसरा भाग उत्पादकांचा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीची अद्ययावत आवृत्ती आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. भारतात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये आले आणि २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाबाबत समितीचा अहवालही सादर झाला. पण निर्देशांक म्हणजे माहिती, बंधन नव्हे. चारचाकीचे सुटे भाग अनेक वर्षे मिळावेत, असे आपण गृहीत धरतो. ज्या वस्तूवर अनुदान, भरपाई आणि बँक अवलंबून आहे, तिला त्याहून कमी निकष लावण्याचे कारण नाही.

तोवर ग्राहकाने एक कसोटी लक्षात ठेवावी. फोन किती वर्षांचा झाला, हे विचारण्यापेक्षा तो आणखी किती वर्षे कामाचा राहील, हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विक्रेता देतो. दुसऱ्याचे उत्तर दुकानातच, दोन मिनिटांत, सेटिंग उघडून स्वतः पाहता येते.