छोटे इंग्रजी शब्द अंगणात शिकूया

माझ्या वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो,

इंग्रजीत इन, ऑन, अंडर असे छोटे छोटे शब्द असतात. माझे मत असे आहे की हे शब्द आधी वहीत लिहून शिकवू नयेत. ते आधी अंगणात, वस्तू हातात घेऊन, बोलून शिकवावेत. मला असे का वाटते ते सांगते.

मागच्या महिन्यात आमच्या वर्गावर एक पाहुणे साहेब आले होते. त्यांनी इंग्रजीत विचारले, "व्हेअर इज द डस्टर?" डस्टर टेबलावर होते. माझ्या पलीकडच्या रांगेतला एक मुलगा लई धीट आहे. त्याने पटकन हात वर केला आणि उभा राहून म्हणाला, "डस्टर इज टेबल ऑन." साहेब हसले. मग सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी पण हसले. तो खाली बसला. त्या दिवसापासून तो इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाही. सुटीत मुले त्याला "ए टेबल ऑन" म्हणून चिडवतात. साहेबांनी मुद्दाम केले नसेल, पण झाले ते वाईट झाले.

संध्याकाळी मी शेळीला पाला टाकत होते. तेव्हा माझ्या मनात आले, त्याचे चुकले तरी काय? आपण टेबलावर म्हणतो. आधी टेबल, मग वर. त्याने तसेच केले. डस्टर कुठे आहे ते त्याला समजले होते. ऑन हा शब्दसुद्धा बरोबर आठवला होता. फक्त तो मराठीच्या जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "शाबास, चांगला प्रश्न आहे." त्यांनी सांगितले की मराठीत अशा शब्दांना शब्दयोगी अव्यय म्हणतात. ते शब्दाला मागून जोडतात. झाडाखाली, घरामागे, विहिरीजवळ. इंग्रजीत त्याला प्रिपोझिशन म्हणतात. त्यातल्या प्री चा अर्थच आधी असा आहे. म्हणून ते आधी येते. अंडर द ट्री, बिहाइंड द हाउस, निअर द वेल. म्हणजे नावातच उत्तर होते!

आणखी एक गंमत आहे. मराठीत डबा असतो, पण आपण डबावर म्हणत नाही. डब्यावर, डब्याखाली, डब्यामागे म्हणतो. डबा बदलतो. इंग्रजीत बॉक्स तो बॉक्सच राहतो. म्हणजे इंग्रजीत एक गोष्ट अवघड आहे तर एक सोपी पण आहे.

माझे वडील सांगतात, त्यांना इंग्रजी पाचवीपासून होते. सन २००० पासून आपल्या महाराष्ट्रात ते पहिलीपासून आहे. म्हणजे माझे हे इंग्रजीचे चौथे वर्ष. या छोट्या शब्दांची यादी मी पाठ केली आहे. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली. दहापैकी दहा मार्क मिळाले. पण आमची शेळी बाजेखाली बसली होती तेव्हा ते मला इंग्रजीत सांगता येईना. मग त्या दहा मार्कांचा काय उपयोग?

म्हणून मी एक खेळ सुचवते. मी आणि माझी धाकटी बहीण तो घरी खेळतो. एक डबा आणि एक खडा घ्यायचा. पहिल्या दिवशी नुसते ऐकायचे. एकाने म्हणायचे, "पुट द स्टोन अंडर द बॉक्स." दुसऱ्याने खडा डब्याखाली ठेवायचा. बोलायचे नाही, म्हणून चुकायची भीती नाही. दुसऱ्या दिवशी खडा कुठे आहे ते बोलायचे. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी वाचून खडा ठेवायचा. चौथ्या दिवशी वहीत लिहायचे. बाई म्हणतात ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही भाषेची चार कौशल्ये आहेत. आमच्या खेळात चारही आली. आणि खर्च काहीच नाही.

कोणी म्हणेल, मग पाठांतर नकोच का? तसे नाही. काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. आपण सोमवारी, सकाळी, रात्री असे एकाच ई ने म्हणतो. इंग्रजीत ऑन मंडे, इन द मॉर्निंग, अ‍ॅट नाइट असे तीन शब्द लागतात. झाडावर पक्षी बसला तर इन द ट्री, आणि आंबा लागला तर ऑन द ट्री! हे खडा ठेवून कळत नाही. पण आधी खेळ झाला की पाठ करायला पण मजा येते.

पालकांना माझी एक विनंती आहे. घरी पाहुणे आले की तुम्ही म्हणता, "बाळ, इंग्रजीत बोलून दाखव जरा." तेव्हा आम्हाला काहीच सुचत नाही. मग तुम्ही म्हणता, "शाळेत काय शिकवतात कोण जाणे." त्यापेक्षा रोज जेवताना विचारा, तांब्या कुठाय, मांजर कुठाय, इंग्रजीत सांग. तुम्हाला येत नसले तर आम्ही शिकवू. माझ्या आईला आता बिहाइंड आणि बिटवीन येते.

पुढच्या वर्षी आम्ही पाचवीला मोठ्या शाळेत जाणार. तिथे नवी मुले असतील. तो मुलगा इथेच गप्प झाला तर तिथे कसा बोलेल? म्हणून मित्रांनो, कोणी चुकले तर हसू नका, शब्द कुठे ठेवायचा ते सांगा. मी हसले होते त्याबद्दल मी त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. पण शनिवारी आम्ही लिंबाखाली खेळ मांडला तेव्हा तो बघायला उभा राहिला होता. सोमवारी मधल्या सुटीत आम्ही पुन्हा खेळणार आहोत. डबा मी आणणार आहे. सर्वांनी यावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी