हिंगोलीच्या शांततेचे मोल

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात 'लिगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे देशाने ठरविले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळण्यास एप्रिल २०२३ उजाडला आणि पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी कोनशिला बसविली. सरकारी कारभारात सात वर्षे फार नाहीत, असे म्हणणारे म्हणोत.

ही जागा का निवडली गेली, हे समजून घेण्यासारखे आहे. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण धाडायचे आणि टोकांवरील आरशांच्या अंतरात पडलेला फरक मोजायचा, असे या यंत्राचे स्वरूप आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशा दोन यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर टिपली, तेव्हा हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी होता. इतके सूक्ष्म मोजमाप करणाऱ्या यंत्राला जवळपास अवजड कारखाना, खडी फोडणारी यंत्रे वा अखंड वाहतूक सोसत नाही. त्याला शांत जमीन हवी असते. शास्त्रज्ञांनी देशभर शोध घेतला आणि ती त्यांना दुधाळ्यात सापडली. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीच्या भूमीला भूकंपाचे धक्के बसले, हे खरे; परंतु यंत्राला खरा उपद्रव होतो तो माणसाच्या रोजच्या उद्योगाच्या कंपनांचा, आणि असा उद्योग या भागात तुरळकच आहे.

ही शांतता केवळ निसर्गाने दिलेली नाही. धोरणानेही ती घडविली आहे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात ज्या वसमतला विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, ते वसमत आज याच जिल्ह्यात आहे. त्या तरुणांची मागणी रोजगाराची आणि विकासातील न्याय्य वाट्याची होती. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने जिल्हावार अनुशेषाचा हिशेब मांडला. त्यात रस्ते आणि सिंचनाबरोबर शिक्षणही होते. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, पण नवा जिल्हा म्हणजे नवा उद्योग नव्हे. जो मागासलेपणा पन्नास वर्षे तक्रारीचा विषय होता, तोच आज राष्ट्रीय प्रकल्पाच्या दृष्टीने गुण ठरावा, हा योगायोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये.

'पोटाला भाकरी नाही तिथे कृष्णविवरे कशाला?' असा प्रश्न यावर काही मंडळी करतात. समाजवाद्यांनी या प्रश्नाच्या आहारी जाऊ नये. मूलभूत संशोधन ही श्रीमंत राष्ट्रांची मक्तेदारी आहे, हे मान्य करणे म्हणजे वसाहतीची मनोवृत्ती मान्य करणे होय. या क्षेत्रात भारत उपराही नाही. कृष्णविवर विचलित झाले असता त्यातून कशा लहरी निघतील, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखविले होते. गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या गणितात पुण्याच्या 'आयुका'मधील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोलाची भर घातली. अमेरिकेतील यंत्रांपासून दूर असलेले आणखी एक यंत्र मिळाले, तर लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे पुष्कळ अधिक नेमकेपणाने सांगता येते. हिंगोलीची गरज जगाला आहे, ती यासाठी.

मग हिंगोलीला काय मिळणार? आजवरच्या अनुभवावरून उत्तर कठीण नाही. बांधकामावर काही वर्षे मजुरी, नंतर फाटकावर पहारेकऱ्याच्या आणि बागेत माळ्याच्या जागा. वेधशाळेतील संशोधक पुणे, इंदूर, गांधीनगरहून येतील; त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे की, पुढील पंधरा वर्षांनी त्यांच्यात औंढ्याची एखादी मुलगी असावी, यासाठी आज कोणी काही करताना दिसत नाही. राज्यातील विद्यापीठांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवली जातात. तासिका तत्त्वावरील शिक्षकाच्या भरवशावर भौतिकशास्त्राची पदवी द्यायची आणि तालुक्यात जगातील सर्वांत नाजूक यंत्रांपैकी एक उभे करायचे, ही विसंगती कोणत्याही कोनशिलेने झाकली जाणार नाही.

मुलीचा उल्लेख हेतुतः केला आहे. १९३३ मध्ये कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी तो झगडून मिळविला. आज नियमाने कोणी नाकारत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलीच्या बाबतीत हे काम नियमाला करावेच लागत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळणे, कोयत्याबरोबर गाव सोडणे आणि दहावीच्या आत ठरलेले लग्न तेच काम करतात. विज्ञानात स्त्रिया कमी का, याचे संशोधन करणाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या दारापासून नव्हे, ऊसतोडीच्या कोपीपासून आरंभ करावा.

भाषेचा प्रश्नही याला जोडूनच येतो. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. पंढरपूरपासून पंजाबपर्यंत ज्यांची वाणी पोचली, त्यांच्या जिल्ह्यात येणाऱ्या विज्ञानाने लोकांशी केवळ इंग्रजीत बोलावे, हे शोभत नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. परंतु गुरुत्वीय लहर म्हणजे काय, हे आठवीच्या मुलाला कळेल असे दोन फर्म्यांचे पुस्तक जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत पोचविणे हे त्या सोहळ्यांपेक्षा स्वस्त आणि अधिक टिकाऊ काम आहे.

यंत्र सुरू झाल्यावर शांतता राखण्याची गरज वाढेल. परिसरात खाण नको, कारखाना नको, अवजड वाहतूक नको, असे निर्बंध उद्या आले तर ते विज्ञानाच्या दृष्टीने रास्तच असतील. पण त्यांची किंमत दुधाळ्याच्या पंचक्रोशीने मोजायची आहे. तेव्हा ते कोणते, किती अंतरापर्यंत आणि किती काळ, हे ग्रामसभांसमोर मराठीत आणि आधीच मांडले गेले पाहिजे. त्यांच्या बदल्यात द्यायचे ते उपकार म्हणून नव्हे, करार म्हणून द्यावे. औंढ्यात मुलींचे वसतिगृह, जिल्ह्यातील महाविद्यालयांत गणित व भौतिकशास्त्राची पूर्णवेळ पदे आणि वेधशाळेच्या कार्यशाळेत स्थानिक तंत्रज्ञांचे प्रशिक्षण यांसाठी प्रकल्पाच्या एकूण खर्चाचा लहानसा अंशही पुरेल. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी ही तरतूद लेखी मागावी, आणि ती यंत्राचे सुटे भाग दुधाळ्यात येऊन पोचण्यापूर्वी मागावी.