नावानिशी

आषाढात दिवाळी अंकाच्या मजकुराची जुळवाजुळव सुरू झाल्यापासून शेवटचा फर्मा छापावयास जाईपर्यंत एकच वाक्य इतक्या निरनिराळ्या आणि तरीही इतक्या सारख्याच सभ्य आवाजांत आमच्या कानांवर पडत राहिले, की रात्री कार्यालयाचे दार ओढून मोदी नंबर दोनच्या गल्लीतून बाहेर पडताना ते आम्हांस पाठीमागून कोणी तरी म्हणत आहे असा भास होऊ लागला. वाक्य साधे आहे : "लेख घ्या, पण नाव नका घालू."

प्रथम ते म्हणणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक होते. उच्च शिक्षणाच्या सद्यःस्थितीवर त्यांनी पाठविलेला लेख मुद्देसूद होता, साधार होता, आणि गुळमुळीत तर मुळीच नव्हता. म्हणून तो आम्ही आनंदाने अंकाच्या आरंभीच घ्यावयाचे ठरविले आणि तसे कळविले, तर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, की दिवस असे आहेत, तेव्हा नावाऐवजी 'एक शिक्षणप्रेमी' असे छापावे. दुसऱ्या लेखकांची नावास हरकत नव्हती, परंतु नाव राहणार असेल तर तिसरा, पाचवा आणि सातवा असे तीन परिच्छेद वगळावे असा त्यांचा आग्रह होता, आणि ते वगळल्यावर जे उरले ते कोणीही, कोठेही, कोणत्याही वर्षी लिहू शकला असता. तिसऱ्यांनी काहीच कारण दिले नाही. ते केवळ हसले, आणि ते हसणे कारणापेक्षा अधिक बोलके होते.

येथे एक खुलासा करावयास हवा. ज्याची चूल उद्याच्या पगारावर पेटते, ज्याच्या डोक्यावर वरिष्ठ आहे आणि खांद्यावर घर आहे, त्याने नाव मागे घेतले तर त्यास जाब विचारण्याचा अधिकार सीताबर्डीत पंख्याखाली बसलेल्या संपादकास नाही. लोकहितवादींसारख्या सरकारी नोकरानेही टोपणनावाच्या आडूनच आपली शतपत्रे लिहिली. टोपणनाव ही तर मराठीतील प्रतिष्ठित वहिवाट आहे. आमच्याच नागपुरात ग्रेस या नावाने लिहिणाऱ्या कवीचे खरे नाव माणिक गोडघाटे आहे हे कोणापासूनही लपलेले नव्हते, आणि ते ग्रेस या नावाने जे लिहीत त्याची जबाबदारी ग्रेसच घेत. टोपणनाव हे दुसरे नाव असते. 'एक शिक्षणप्रेमी' हे नावच नव्हे. आमची तक्रार आहे ती ज्यांचे निवृत्तिवेतन सुरू झाले, मुले मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले, आणि तरीही ज्यांचा हात सहीपाशी येऊन थबकतो, त्यांच्याविषयी.

मौज अशी, की नावांचा दुष्काळ पडला आहे असेही नाही. व्हरायटी चौकात उभे राहून मान वर केली तर एकेका फलकावर तीस-तीस, चाळीस-चाळीस नावे छायाचित्रांसह हात जोडून उभी असलेली दिसतात. कोणाच्या वाढदिवसाचे शुभेच्छुक, कोणाच्या निवडीबद्दलचे अभिनंदनकर्ते, आणि त्यांत आपले नाव दुसऱ्या ओळीत का गेले यावरून भांडणे झाल्याचेही आम्ही ऐकतो. जेथे काहीच म्हणावयाचे नाही तेथे नावांची ही गर्दी, आणि जेथे काही म्हटले आहे तेथे नाव नाही, असा हा उफराटा व्यवहार आहे.

वर्षाचा आढावा संपादकीयात घ्यावा असा शिरस्ता आहे, तो थोडक्यात पाळतो. पावसाने आपल्या मर्जीप्रमाणे केले आणि संत्र्याच्या बागाइतदाराने नेहमीप्रमाणे सोसले. मराठीस २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याबद्दलचे सत्कारसमारंभ अद्यापि आटोपलेले नाहीत. हिवाळी अधिवेशनाची चाहूल लागली की या शहराचे रस्ते गुळगुळीत होतात, यावरून आमची राजधानी १९५६ साली गेली ती का गेली हे दरवर्षी नव्याने आठवते. इतके पुरे.

नावाचा विषय निघालाच आहे तर ज्या टेकडीच्या पायथ्याशी आमचे कार्यालय आहे तिच्याकडे थोडे पाहू. नागपूरचा माणूस 'बर्डीवर जाऊन येतो' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कापड, पुस्तके आणि खाणे असते; वरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून वर्षातून मोजके दिवसच लोकांस खुला होतो, म्हणून बर्डी म्हणजे मुळात टेकडी हेही पुष्कळांच्या ध्यानात उरलेले नाही. याच टेकडीवर २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळी तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालल्या. इंग्रजांच्या कंपनीचे सैन्य जेमतेम दीड हजार, नागपूरच्या भोसल्यांचे त्याच्या कैक पट, आणि तरीही निकाल कोणता लागला हे सर्वश्रुत आहे. परंतु आम्हांस लढाईपेक्षा तिच्या आधीची दीड वर्षे व नंतरचे काही दिवस अधिक बोलके वाटतात. अप्पासाहेब भोसल्यांनी मे १८१६ मध्ये तैनाती फौजेच्या तहनाम्यास मान्यता दिली; पुढे पुण्याशी गुप्त संधान बांधले; लढाईच्या अवघे दोन दिवस आधी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रे भर दरबारात स्वीकारली; आणि टेकडी हातची गेल्यावर रेसिडेंट जेंकिन्सकडे वकील पाठवून, हा हल्ला आपल्या हुकमाने झालेला नाही, असे कळविले.

या शेवटच्या कलमापाशी आम्ही नेहमी थांबतो. पराभव हा काही कलंक नव्हे. भल्याभल्यांच्या वाट्यास तो आला आहे. परंतु अप्पासाहेबांच्या नावाने जी माणसे रात्रभर त्या चढणीवर लढली, त्यांत विशेषतः जे आरब पुढे शहरात कोंडले जाऊनही डिसेंबर अखेरपर्यंत हटले नाहीत, त्यांना मागाहून असे कळावे की ज्या नावासाठी आपण उभे होतो ते नावच काढून घेण्यात आले आहे, यास काय म्हणावे? आणि नाव काढून घेतल्याने काही वाचले म्हणावे तर तेही नाही. राज्य मिळाले ते चार दिवसांचे, मग अटक, मग पलायन, मग वर्षानुवर्षांची भटकंती, आणि अखेर १८४० साली जोधपुरास मृत्यू. अप्पासाहेबांची परिस्थिती बिकट होती हे आम्ही नाकारीत नाही. किंबहुना त्यांच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते याची खात्री देण्याची आमची छाती नाही.

याच्या उलट एक उदाहरण, तेही शत्रूच्या गोटातले. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले, औरस पुत्र नव्हता, आणि डलहौसीने राज्य खालसा करण्याचे ठरविले. बांकाबाईंसारख्या वृद्ध राजस्त्रिया खलित्यांमागून खलिते पाठवीत होत्या. त्या वेळी कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल जॉन लो नावाचा एक जुना लष्करी मुत्सद्दी होता. त्याने या निर्णयाविरुद्ध आपले मत लेखी नोंदविले, आपल्या सहीने, दफ्तरात कायम राहील अशा रीतीने. त्याचे मत फेटाळले गेले, राज्य गेलेच, आणि १८५४ साली भोसल्यांच्या हत्ती-घोड्यांचा लिलाव याच सीताबर्डीवर पुकारला गेला. लोच्या त्या टिपणाने एक बैलसुद्धा वाचला नाही. परंतु इतिहास लिहावयास बसणाऱ्या कोणासही, त्या दिवशी सगळे एकमताचे होते, असे लिहिता येत नाही.

आणीबाणीतील उदाहरणे, कराडच्या संमेलनातील दुर्गाबाई भागवत आणि सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती खन्ना, वाचकांना पाठ आहेत, म्हणून ती गिरवीत नाही. आमच्या व्यवसायातील एक मात्र विस्मृतीत गेले आहे. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर येथे जनक्षोभ उसळल्यावर फौजेने स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी उपोषण आरंभिले, जे त्रेसष्ट दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. मध्यप्रांत सरकारने, ज्याची कचेरी याच शहरात होती, भन्साळींविषयी व चिमूरविषयी काहीही छापण्यास मनाई केली. एक माणूस उपाशी मरत आहे, आणि त्याचे नाव वर्तमानपत्रात येऊ नये! तेव्हा देशभरातील संपादकांनी ६ जानेवारीस आपली पत्रे बंद ठेवली. दुसऱ्याचे नाव छापता यावे म्हणून एक दिवस आपले पत्र बंद ठेवणारे ते संपादक, आणि स्वतःचे नाव छापू नका म्हणून विनविणारे आजचे लेखक, यांच्यामध्ये किती अंतर पडले आहे हे आम्ही मोजून पाहिले नाही, मोजवले नाही.

आणि याच सीताबर्डीवरचे श्याम हॉटेल. ऑक्टोबर १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर धर्मांतरासाठी तेथे उतरले होते. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पाय साथ देत नसलेले, दृष्टी मंदावलेली. सार्वत्रिक निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि मिळालेल्या सवलती धर्मांतराने हातच्या जातील ही धास्ती विरोधकांपेक्षा स्वकीयांच्याच मनांत अधिक होती. थोडे थांबावे, निवडणुका होऊन जाऊ द्याव्या, असे म्हणण्यास त्याहून सयुक्तिक कारण कोणते असू शकले असते? येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी जे जाहीर केले होते त्यास त्या आठवड्यात एकवीस वर्षे पुरी होत होती, आणि मधल्या काळात आमिषे, विनवण्या व धमक्या यांपैकी काहीही यावयाचे राहिले नव्हते. १३ तारखेस ते वार्ताहरांपुढे बसले, टोचून विचारलेल्या प्रश्नांना तितकीच टोचरी उत्तरे दिली, आणि १४ च्या सकाळी, विजयादशमीस, पांढऱ्या वस्त्रांतील लाखोंच्या समुदायापुढे काठीच्या आधाराने उभे राहिले.

त्या दिवशी त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष एका व्याकरणाच्या गोष्टीकडे जाते. लाखो माणसे एका सुरात म्हणत होती, पण ती 'आम्ही' म्हणत नव्हती. त्या प्रतिज्ञा एकवचनी आहेत. ज्याला शतकानुशतके केवळ जातीच्या नावाने हाक मारली गेली, ज्याचे स्वतःचे नावही धड कोणी उच्चारले नाही, तो प्रत्येक जण त्या मैदानावर 'मी' म्हणाला. इतक्या मोठ्या जमावात इतकी एकेकटी माणसे उभी असल्याचे दुसरे दृश्य या शहराने पाहिलेले नाही. त्यानंतर त्रेपन्नाव्या दिवशी बाबासाहेब गेले. थांबावयाचे ठरविले असते, तर तो दिवस उजाडलाच नसता.

आणि येथे मलाही 'आम्ही' सोडणे भाग आहे, कारण संपादकाचा 'आम्ही' ही या व्यवसायातील सर्वांत जुनी लपण्याची जागा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, अंकाचा कारभार नुकताच माझ्याकडे आला असताना, काटोलकडच्या एका वयस्क शिक्षकाचे पत्र आले. पत्र एका वजनदार संस्थेच्या कारभाराविषयी होते, त्यातील अक्षर न् अक्षर खरे होते, आणि खाली पूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तहसील, जिल्हा असे सगळे सुवाच्य लिहिलेले होते. त्या संस्थेची जाहिरात आमच्या मलपृष्ठावर असे. पत्र न छापण्याइतका मी भित्रा नव्हतो आणि जसेच्या तसे छापण्याइतका धीट नव्हतो, म्हणून मी मधला मार्ग काढला : मजकूर ठेवला, नाव काढले आणि 'एक वाचक' असे घातले. वर, आपण त्या गरीब शिक्षकाला संरक्षण दिले, अशी मनाची समजूतही करून घेतली. पंधरा दिवसांनी ते एस.टी.ने आले. धोतर, टोपी, हातात अंक. चहा घेतला नाही. अंक माझ्यापुढे उघडून त्या दोन शब्दांवर बोट ठेवून ते एवढेच म्हणाले, "पत्र माहं हाय जी. मंग नाव काहून कापलं?"

मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. काही तरी दिलेच असणार, संपादकांना उत्तरे सुचतात. ते पुन्हा आले नाहीत, त्यांचे पत्रही आले नाही. यंदा जेव्हा जेव्हा फोनवर 'नाव नका घालू' असे ऐकले, तेव्हा तेव्हा जो राग आला त्यातला निम्मा समोरच्यावर नव्हता.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग 'बिकट वाट' हा आहे, आणि तो योजिला तेव्हा हे काहीच डोक्यात नव्हते. डोंगरवाटा, पदयात्रा, वारी असे काही तरी मनात होते. लेखकांनी विषय आपापल्या परीने वळविला, ते बरे झाले. प्राध्यापक महाशयांचा लेख आम्ही परत पाठविला. तो अंकातील सर्वोत्तम लेख ठरला असता, हे त्यांनाही कळविले आहे. जे लेख आत आहेत त्यांखाली लेखकांची नावे आहेत, आणि त्यांतील दोघांनी ती घालताना काही गमाविले आहे. काय, ते त्यांनी सांगू दिलेले नाही.

वाचकांना एक विनंती. अंकाविषयी लिहा, नेहमीप्रमाणे सडेतोड लिहा, शिव्या असतील तर त्याही चालतील. पुढील अंकापासून निनावी पत्रे छापली जाणार नाहीत. खाली नाव, गाव आणि तहसील सुवाच्य अक्षरांत असावे. ते कापले जाणार नाही.