नाव सांगताच विकले जाणारे घर

आमच्या शाळेच्या शिक्षक-कक्षात हल्ली एक नवा आशावाद ऐकू येतो. "आता दलालाच्या मागे फिरायला नको, सोसायटीच्या सेक्रेटरीची मनधरणी करायला नको. मोबाईल काढा, ॲप उघडा, बजेट टाका आणि घर पाहा. मशीनला कुठे हिंदू-मुसलमान कळतं?" उर्दू शाळेतले आमचे तरुण सहकारी हे मोठ्या विश्वासाने सांगतात. काही महिन्यांपूर्वीपर्यंत आम्हीही हेच सांगत होतो. आज ते म्हणणे खोडून काढण्यासाठीच लिहायला बसलो आहोत.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. दोघांचे बी.एड. झालेले, पगार दर महिन्याला बँकेत जमा होणारा. राहणे मुंब्र्याला भाड्याने, शाळा ठाण्यात. मुलगी तिसरीत. तिला लोकलच्या गर्दीतून रोज ओढत नेण्यापेक्षा शाळेच्या जवळपास एक बेडरूम-हॉल-किचनचे जुने का होईना, पण स्वतःचे घर घ्यावे, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. म्हणून घरे शोधण्याचे ॲप मोबाईलवर घेतले.

खरे सांगायचे तर पहिले आठ दिवस फार आनंदात गेले. स्टेशनपासून अंतर किती, मजला कितवा, लिफ्ट आहे की नाही, पार्किंग आहे की नाही, दार पूर्वेला की पश्चिमेला, ताबा लगेच की दोन वर्षांनी, सगळे निवडता येते. रात्री मुलगी झोपली की आम्ही दोघे एकेक घर उघडून पाहायचो. कोणाच्या स्वयंपाकघरात कोणत्या रंगाच्या फरशा आहेत हे आम्हाला पाठ झाले होते. आमच्या अब्बांनी उभ्या आयुष्यात जितकी घरे आतून पाहिली नसतील तितकी आम्ही आठवड्यात पाहिली.

मग फोन करायला सुरुवात केली आणि एक चमत्कार दिसू लागला. फोन लागला की घर उपलब्ध असे. किंमत सांगितली जाई, "थोडंफार कमी करू" असेही सांगितले जाई. मग प्रश्न येई, "नाव काय म्हणालात?" आम्ही नाव सांगायचो आणि त्याच क्षणी ते घर विकले जायचे! कधी कालच टोकन आलेले असायचे, कधी मालकाचा विचार बदललेला असायचा, कधी मालक अचानक परदेशी गेलेला असायचा. दुसऱ्या दिवशी ॲप उघडावे तर तेच घर, तेच फोटो, तीच किंमत जागच्या जागी. आमच्याच बाजूच्या मराठी शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी आमच्यासाठी त्यातल्या एका घराला फोन केला. त्यांना उत्तर मिळाले, "रविवारी या, चावी माझ्याकडेच आहे."

आता आमच्या आडनावाचा किस्सा ऐका. आम्ही मूळचे महाडकडचे. कोकणातल्या मुसलमानांत पाटील, देशमुख, मुकादम ही आडनावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही पाटील. ॲपवर नाव भरताना, पगाराच्या चिठ्ठीवर असते तसे आद्याक्षरे आणि आडनाव भरले होते. एका घराच्या एजंटाने आपणहून फोन केला. "पाटीलसाहेब, तुमच्यासाठी एकदम योग्य सोसायटी आहे. सगळी आपली मराठी माणसं." आम्ही गेलो. घर आवडले. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः भेटले, चहा पाजला, मुलीला चॉकलेट दिले, गणपतीत काय काय कार्यक्रम होतात ते सांगितले. गावाकडच्या भातशेतीवर गप्पा झाल्या. टोकनची पावती लिहायला घेतली तेव्हा एजंटाने पूर्ण नाव विचारले. आम्ही सांगितले. पेन थांबले. सेक्रेटरी एवढेच म्हणाले, "तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं."

काय सांगायला हवे होते? आम्ही काय लपवले होते? आडनाव आमचेच आहे, भाषा आमचीच आहे, गाव आमचेच आहे. चहा पिईपर्यंत आम्ही आपली मराठी माणसे होतो. पूर्ण नाव लिहिताच आम्ही फसवणूक करणारे झालो. ते गृहस्थ वाईट नव्हते, हेच जास्त लागले. त्यांना खरोखरच अवघडल्यासारखे झाले होते. "माझं काही नाही हो, बाकीचे सभासद ऐकणार नाहीत," असे त्यांनी जिन्यापर्यंत येऊन सांगितले. हे 'बाकीचे सभासद' कोण असतात, हे आम्हाला आजवर कळलेले नाही. प्रत्येक सोसायटीत ते असतात आणि भेटत मात्र कोणालाच नाहीत.

हे काही नवे नाही, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. नामवंत कलावंत शबाना आझमी यांनी मुसलमान असल्याने आपल्याला मुंबईत घर मिळाले नाही, असे २००८ साली जाहीरपणे सांगितले होते. २०१३ साली दादरमधल्या एका फ्लॅटच्या ऑनलाइन जाहिरातीत 'मुस्लिमांना नाही' असे उघड लिहिल्याने गदारोळ झाला होता. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तेच घर, तीच चौकशी, फक्त विचारणाऱ्याचे नाव सवर्ण हिंदू, दलित किंवा मुसलमान. दलितांना आणि मुसलमानांना कसे टाळले जाते, हे त्यांनी २०१५ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमधून मांडले. तेव्हा दुखणे जुनेच आहे. नवे काय आहे ते सांगतो. २०१३ च्या त्या जाहिरातीत नकार लिहिलेला होता, म्हणून त्याविरुद्ध बोलता आले. आज कोणी लिहीत नाही. सारे फिल्टर पडद्यावर दिसतात, शेवटचा फिल्टर फोनवर तोंडी लागतो. त्याची नोंद नाही, साक्षीदार नाही, पुरावा नाही. ॲपने भेदभाव संपवला नाही. त्याला फक्त सभ्यपणा शिकवला.

आता आम्हाला नेहमी ऐकवल्या जाणाऱ्या युक्तिवादांकडे वळू.

पहिला युक्तिवाद, "घर ज्याचे त्याचे, कोणाला विकायचे हा त्याचा हक्क." पण आमच्या अनुभवात बहुतेक वेळा मालक विकायला तयार होता, त्याला पैशाची निकड होती. अडवणारी सोसायटी होती. तिला तो हक्क आहे का? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, उपविधीने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते असा निकाल दिला. तो निकाल आम्हाला पटत नाही, पण निकाल आहे. मात्र त्या संस्थेने आपली अट निदान उपविधीत लिहून ठेवली होती. आम्हाला नकार देणाऱ्या सोसायट्यांपैकी किती जणांच्या उपविधीत अशी अट आहे? त्या महाराष्ट्राचे आदर्श उपविधी घेतात, आणि ते तर सांगतात की फ्लॅट हस्तांतरित करायला सोसायटीच्या ना-हरकत प्रमाणपत्राची गरजच नाही! १९६० च्या आपल्या सहकारी संस्था कायद्याचे मूळ तत्त्वच खुल्या सभासदत्वाचे आहे. पुरेसे कारण असल्याखेरीज पात्र माणसाला सभासदत्व नाकारू नये, असे ते तत्त्व सांगते.

पण कायद्याची खरी गोम इथेच आहे. कायद्याचे दार सभासदत्वाच्या अर्जापाशी उघडते. आम्हाला अडवले जाते ते त्याच्या कितीतरी आधी, फोनवर. जिथे खरेदीच होत नाही तिथे अर्ज कशाचा आणि अपील कशाचे? २०१६ च्या रेरा कायद्याखाली प्रकल्प नोंदवताना बिल्डर जे प्रतिज्ञापत्र देतो, त्यात घरांच्या वाटपात भेदभाव करणार नाही अशी हमी असते. चांगलेच आहे. पण ती नव्या प्रकल्पाची गोष्ट झाली. जुन्या घराच्या विक्रीला आणि भाड्याच्या घराला ती हमी नाही. सच्चर समितीने २००६ सालच्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग आजवर स्थापन झालेला नाही.

दुसरा युक्तिवाद मांसाहाराचा. ठाण्यात कोळी आहेत, आगरी आहेत, मराठे आहेत. यांच्यापैकी किती घरांत रविवारी मासळी-मटण शिजत नाही? आम्हाला पूर्ण नाव विचारणाऱ्या त्या सोसायटीच्या जिन्यातच सुक्या बोंबलाचा वास दरवळत होता, आणि आम्हाला तो घरच्यासारखा वाटला होता. आणि जिथे खरोखरच 'फक्त शाकाहारी' ही अट असते, तिथे आमच्याबरोबर कोळ्यालाही बाहेर ठेवले जाते. आमच्या मराठी बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. आज आमच्यासाठी लावलेली कडी उद्या त्यांच्याही दाराला लागते.

तिसरा युक्तिवाद आपल्याच माणसांचा, आणि तो सर्वांत घातक आहे. "कशाला त्यांच्या दारात जायचं? आपल्या मोहल्ल्यात राहावं, सुरक्षित असतो." १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून जीव मुठीत धरून जे मुंब्र्याला आले, त्यांच्या तोंडून हे वाक्य आले तर आम्ही मान खाली घालून ऐकतो. त्यांच्या भीतीला आम्ही हसणार नाही. पण सुरक्षित म्हणजे काय? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याच्या लकी कंपाऊंडमधली सात मजली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसे मेली. त्यात सर्व धर्मांचे गरीब होते. ज्याला कायदेशीर घर मिळत नाही किंवा परवडत नाही, तो बेकायदेशीर घरात राहायला जातो. मग तिथे भिंतीवर धर्म लिहिलेला असो वा नसो.

आणि आपल्या वस्तीतले आपले बिल्डर तरी काय करतात? भोगवटा प्रमाणपत्राचे विचारले की म्हणतात, "इन्शाअल्लाह, दोन महिन्यांत येऊन जाईल." अल्लाहचे नाव घेऊन महापालिकेचा कागद टाळणाऱ्या या मंडळींना आम्ही कधी जाब विचारला? कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून रोख पैसे, रोख म्हणून पावती नाही. व्याजाचे कर्ज घ्यावे की नाही हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, पण इथे विवेकाला वावच ठेवलेला नाही. उलट काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र ठरवतात, हेही सच्चर समितीने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे बाहेर घर मिळू द्यायचे नाही, आणि आत घेतले तर कर्ज मिळू द्यायचे नाही. आणखी एक कडू घोट. आपल्यातले घरमालक एकट्या स्त्रीला, दलित कुटुंबाला, वेगळ्या मसलकच्या माणसाला घर देताना कसे वागतात? जो न्याय आम्ही मागतो, तो आमच्या दारातूनही दिला गेला पाहिजे.

मग करायचे काय? रडत बसायचे नाही आणि लपायचेही नाही. त्या प्रसंगानंतर आम्ही ॲपवरचे नाव बदलले. आद्याक्षरे काढली, पूर्ण नाव लिहिले. फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगतो. फोन कमी येतात, पण जे येतात ते खरे येतात. आमचे काही मित्र अजून बायकोला 'रेश्मा' म्हणून फोन करायला लावतात. त्यांना आमचे सांगणे आहे, नाव लपवून मिळालेल्या घरात मुलांनाही नाव लपवायला शिकवावे लागेल.

नकार देणाऱ्याला एकच विनंती करावी, "कृपया हे लिहून द्या." लिहून कोणी देणार नाही, पण आपण काहीतरी लिहिण्याजोगे करत आहोत हे त्याला कळेल. जाहिरातीचे चित्र, तारीख, वेळ जपून ठेवावी. सोसायटीने हरकत घेतली तर उपविधीची प्रत मागावी. नव्या प्रकल्पात घर घेताना, बिल्डर आपला असो की परका, महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक आहे. जो मोबाईल घराचे फोटो दाखवतो, तोच त्या घराचे कागदही दाखवतो. फोटो पाहण्यात आपण जितक्या रात्री घालवतो, त्यातली एक रात्र कागदांना द्यावी.

आणि ॲप चालवणाऱ्यांकडे एक छोटी मागणी. आम्ही वापरलेल्या ॲपमध्ये जाहिरातीची तक्रार करण्याची सोय आहे. कारणांची यादी येते. घर आधीच विकले गेले, किंमत चुकीची, फोटो खोटे. त्या यादीत 'धर्म किंवा जात पाहून नाकारले' हे कारण नाही. ते घाला. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने घराच्या जाहिरातीत वंश-धर्माचा पक्षपात छापायलाही मनाई केली आहे, आणि २०२२ साली फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीला घरांच्या जाहिराती कोणाला दिसाव्यात हे ठरवणारी आपली यंत्रणा सरकारशी तडजोड करून बदलावी लागली. तिथेही भेदभाव संपलेला नाही. पण तिथे त्याला गुन्हेगारासारखे लपावे लागते. इथे तो चहा पाजून जिन्यापर्यंत पोचवायला येतो.

आम्ही वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो. भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिले आहे, हे आमची मुले उर्दूतून पाठ करतात. बाजूच्या शाळेतली मुले तेच मराठीतून पाठ करतात. परीक्षेत दोघांना सारखेच गुण मिळतात. ही मुले मोठी होऊन घर शोधायला निघतील तेव्हा दोघांच्या फोनला उत्तरही सारखेच मिळाले पाहिजे. तोवर आम्ही फोन करत राहणार आहोत, पूर्ण नाव सांगून.