मूर्खाच्या नादी...

"मूर्खाच्या नादी लागू नये" हे आम्हा आयटीवाल्यांचं लाडकं वाक्य. ऑफिसात, ट्रॅफिकमध्ये आणि आता घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ऐकायला भारदस्त वाटतं, पण दहातल्या नऊ वेळा तो शुद्ध आळस असतो.

बायबलचा आधार हवा? आहे ना! नीतिसूत्रे, अध्याय २६. चौथं वचन बजावतं, की मूर्खाला त्याच्या पातळीवर उतरून उत्तर द्याल तर त्याच्यासारखेच व्हाल. इथे आपण खूश होऊन पुस्तक मिटतो. पण लगेच पाचवं वचन नेमकं उलटं सांगतं: उत्तर द्या, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. संकलन करणाऱ्याची डुलकी? मला नाही वाटत. दोन्ही मुद्दाम शेजारी ठेवलीत. कधी कुठलं लावायचं, ते आपलं आपण ठरवायचं. आणि बाराव्या वचनानुसार स्वतःला शहाणा समजणाऱ्यापेक्षा मूर्खाबद्दल जास्त आशा असते! समर्थांचंही तेच. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांचा, दहावा पढतमूर्खांचा. पहिला आपण लोकांना लावून बघतो. दहाव्यापर्यंत कोण जातं?

मी मूळचा मुक्ताईनगरचा (आजी शेवटपर्यंत एदलाबादच म्हणायची). ताटीच्या अभंगांची कथा लहानपणापासून ऐकलेली. लोकांच्या निंदेने उद्विग्न होऊन ज्ञानेश्वर ताटी लावून बसले. मुक्ताबाई निंदकांशी भांडायला गेली नाही, पण भावाला आत बसूही दिलं नाही. लोक बोलणारच, म्हणून तू दार लावायचं?

आमची ताटी म्हणजे म्यूट बटण. घरच्या ग्रुपवर एका गृहस्थाने "सहा महिन्यांत पैसे दुप्पट" छाप स्कीम टाकली. पहिल्या ओळीतच भानगड कळली. "कोण नादी लागणार?" म्हणत मी ग्रुप म्यूट केला. उत्तर त्या गृहस्थासाठी नव्हतंच हो, बाकीचे वाचत होते त्यांच्यासाठी होतं! काकांनी त्या वर्षीच्या केळीचे पैसे त्यात घातले. गेले.

दिवाळीला गावी गेलो. काका रागावले नाहीत. चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "तू होतास ना रे ग्रुपवर? तू काही बोलला नाहीस, म्हटलं ठीकच असेल."

असो. ग्रुप अनम्यूट केलाय. आज सकाळीच कावीळ उतरवणाऱ्या माळेचा मेसेज आलाय, खाली सात जणांनी हात जोडलेत. उत्तर टाइप करतोय. तिसऱ्यांदा, कारण पहिल्या दोन ड्राफ्टमध्ये चौथं वचन मोडत होतं.