पिंजऱ्यातला राघू आणि गोदामातले मांजर

सती नदीच्या काठावरील कुरखेड्याचा व्यापार धान, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या आधाराने उभा राहिला. त्याच रानात, हिवाळा सरता सरता, जुन्या वृक्षांच्या ढोल्यांत पोपटांची वीण सुरू होते. पंख न फुटलेली पिले ढोलीतून काढायची आणि गावात आणून विकायची, ही पद्धतही जुनीच. विदर्भातील कित्येक पेढ्यांवर गादी, वजनकाटा आणि तुळईला टांगलेला राघूचा पिंजरा हे चित्र दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाचे आहे.

या राघूचे कौतुक खोटे नव्हते. मालकाची खाकरण्याची लकब, टेलिफोनची घंटा, उधारी मागताना चढणारा स्वर, सारे तो टिपून घेई. गिऱ्हाईक पायरी चढले की ‘जय जिनेंद्र’ म्हणणारा पोपट मुलांच्या दृष्टीने दुकानाचा खरा मालक असे. पोपट हा थव्याने राहणारा पक्षी. माणसाच्या बोलीची नक्कल तो करतो ती आपल्या थव्याशी जुळवून घेण्याच्या उपजत ओढीने, आणि पिंजऱ्यात त्याला थवा म्हणून लाभते ते फक्त दुकानातले कुटुंब. ज्या बोलण्याचे घरादाराला कौतुक, ते त्याच्या एकाकीपणातूनच आलेले असते. दिवसभर बोलायला कोणी नसेल तर हाच राघू स्वतःची पिसे उपटू लागतो.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. देशी पक्ष्यांचा व्यापार 1990-91 पासून बंद आहे. देशी पोपट विकणे, विकत घेणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा असून त्याला दंड व कैद या दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. बाजारात उघडपणे मिळतात ते लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि बजरीगर ऑस्ट्रेलियातले. त्यांना हा नियम त्याच रीतीने लागू नाही. जैन घराला मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. त्याच्या आचारग्रंथांत हा विषय फार आधी येऊन गेला आहे.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधणे, मारणे, अंगच्छेद करणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे पाचही प्रामुख्याने घरात जनावर असलेल्या गृहस्थालाच घडू शकतात, हे लक्षात घेतले की त्या यादीकडे पाहण्याची दृष्टी पालटते. टीकाकार तर आणखी बारकाव्यात शिरतात. जनावर बांधावेच लागले तर गाठ सैल असावी, आग लागली असता ते सुटू शकावे. आणि आश्रितांना खाऊ घातल्यावरच श्रावकाने स्वतः जेवावे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात व्यापाऱ्यांसाठी वर्ज्य असे पंधरा धंदे सांगितले. त्यांतील असतीपोषणात मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा आणि मोर यांना पैशासाठी पाळणे येते. ‘पैशासाठी’ हा शब्द तेथे महत्त्वाचा आहे. घरात आलेल्या जिवाला सांभाळणे निराळे आणि जीव हाच माल होणे निराळे.

पुष्कळ घरे नेमकी येथे गोंधळतात. पर्युषणात किंवा घरातील मंगल प्रसंगी पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची चाल आहे. हेतू जीवदयेचा असतो, यात शंका नाही. पण मागणी आली की माल येतो, हे व्यापारी कुटुंबाला कोणी शिकवण्याची गरज नाही. सण जवळ आला की पारध्याचे जाळे आधी पसरते. पकडताना व आणताना जे पक्षी मरतात त्यांचा हिशेब सोडणाऱ्याच्या वहीत कधी येत नाही. सुटलेलाही थकलेला असतो; पिलापासून हाताने वाढवलेल्याला ना उडण्याचे बळ असते ना कावळ्या-ससाण्यापासून वाचण्याचे ज्ञान. घरात जुना पोपट असेल तर त्याला गच्चीवरून उडवून देऊ नये. वन विभागाला कळवावे, म्हणजे तो बाहेर जगण्याजोगा आहे की नाही हे जाणकार पाहतील.

वनातल्या जिवाला माणसाने जवळ केल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. कुरखेडा जिल्ह्याच्या उत्तरेला, तर भामरागड तालुक्यातील हेमलकसा दक्षिण भागात. तेथे 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना एकदा रानात शिकार करून परतणारे माडिया भेटले. त्यांच्याजवळ मारलेली माकडे होती आणि मेलेल्या आईला बिलगलेले एक पिलू जिवंत होते. आमट्यांनी तांदूळ देऊन ते पिलू मागून घेतले. पुढे अस्वल, बिबट, हरणे, साप असा मोठा परिवार जमला आणि ‘आमटेज अ‍ॅनिमल आर्क’ हे नाव सर्वत्र झाले. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना 2008 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

धान्य देऊन पिलू घेणे हीदेखील देवघेवच नव्हे का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. फरक असा की ती शिकार भुकेपोटी झाली होती. पिलू विकण्यासाठी आई मारलेली नव्हती, आणि ते पिलू अन्यथा पातेल्यातच गेले असते. सणासाठी पकडलेल्या पक्ष्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे.

आता घरातल्या प्राण्यांविषयी. कुत्र्याच्या बाबतीत जैन स्वयंपाकघराचा एक अनपेक्षित गुण आहे. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. ज्या घरात ते येतच नाहीत तेथील वरण-पोळी या बाबतीत निर्धोक. मात्र शिऱ्यातल्या मनुका, बेदाणे आणि मुलांच्या हातचे चॉकलेट यांपासून कुत्र्याला दूर ठेवावे. मनुका त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. माणसाबरोबर हजारो वर्षे राहून कुत्रा पिष्टमय अन्न पचवू लागला आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रथिनांची काळजी घेतली तर तो शाकाहारावर नीट राहू शकतो.

मांजराचे तसे नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांसातून मिळते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूध-भातावर ठेवलेले मांजर बाहेरून धष्टपुष्ट दिसत असताना हळूहळू आंधळे होऊ शकते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. तेथे शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना आत ठेवून घेत नाहीत, कारण मांस देता येत नाही. ज्याचे अन्न आपल्या हातून देववत नाही त्याला हौसेने आणू नये, हा विवेक मांजरालाही लागू पडतो.

राहिले धानाच्या गोदामातले मांजर. त्याला उंदरांसाठीच ठेवलेले असते, हे सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. उपाशी ठेवले की शिकार जास्त करील म्हणून त्याला मुद्दाम कमी घालणारेही आहेत. हा अन्न रोखण्याचा अतिचार तर झालाच, शिवाय उपयोगही नाही. पोट भरलेले मांजरसुद्धा शिकार करतेच. उंदीर मुळात आत येऊ नयेत याचा खर्च एकदाच करावा लागतो. जोते उंच असावे, दाराच्या खालच्या कडेला पत्रा मारावा, झरोक्यांना बारीक जाळी बसवावी. 6 मिलीमीटरच्या फटीतूनही लहान उंदीर शिरतो. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत आणि सांडलेले धान रोज झाडून घ्यावे. गोदामात आधीपासून असलेल्या मांजराला हाकलू नये. त्याची नसबंदी करून घ्यावी आणि पशुवैद्य सांगेल ते अन्न, सांगेल त्या वेळी, त्याच्यापुढे ठेवावे.